काशाची वाटी ऐकू जाते तिथवर

गाडीवर बसल्या बसल्या, इंजिन चालू ठेवून, "काका, एक तवा द्या बरं" असं जो म्हणेल तो आमच्या गल्लीत नवा आहे हे आम्हाला लगेच कळायचं. जुन्या गिऱ्हाइकाची तेवढी छाती नव्हती. आमचे भांडीवाले काका मान वर न करता म्हणायचे, "आधी उतरा."

गिऱ्हाईक हसायचं. त्याला वाटायचं, म्हातारा गंमत करतो आहे.

"उतरा. गाडी बंद करा. मंग सांगा काय पायजे ते."

"घाईत आहो ना काका."

"घाई हाय तर पुढच्या हप्त्यात या. तवा काई पळून नाई जाऊन राहिला."

अर्धे लोक बडबडत निघून जायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे. काकू आतून कपाळाला हात लावायच्या.

आता अकोल्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. आमच्याकडे बाजाराला जायचं म्हणजे गाडी थेट दुकानाच्या पायरीला लावायची, एक पाय खाली टेकवायचा, दुसरा गाडीवरच, आणि सौदा करायचा. बाया साडी बघतात तीसुद्धा गाडीच्या सीटवर पसरून. दुकानदारानंच रस्त्यात उतरून माल दाखवायला यायचं. मागच्याला जागा मिळत नाही म्हणून तो हॉर्न वाजवतो, त्याच्या मागचा त्याच्यावर वाजवतो, आणि या सगळ्यातून एखादी गाय निवांत चालत असते. तिलाच काय ती घाई नसते.

माझं दुकान काकांच्या बरोबर समोर. मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. सासऱ्यांनी सुरू केलेलं, त्यांच्या पश्चात मी चालवते. त्यामुळे केस पांढरे झाले तरी गल्लीला मी अजून सूनबाईच आहे, आणि हे बारसं काकांनीच केलेलं.

काका उंच, हाडकुळे, होळी झाली की डोक्यावर ओला दुपट्टा बांधायचे तो मृग लागेपर्यंत सोडायचे नाहीत. भांडं हातात आलं की बोटाच्या पेरानं त्यावर टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा, ही त्यांची सवय. विकायचं भांडं असेल तर समजू शकतो. पण लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढपी आला की त्या बादलीवरही टिचकी पडायची. माझ्याकडे चहाला आले की आधी कप वाजवायचे.

"तडकेल हाय, सूनबाई."

"चहा गळतो आहे का?"

"अजून नाई."

"मग प्या मुकाट्यानं."

प्यायचे. पण कप ठेवताना पुन्हा एकदा वाजवायचे, की बघा, मी म्हटलं होतं.

ते म्हणायचे, भांडं डोळ्यानं घेऊ नये, कानानं घ्यावं. चकाकी काय, पावडर लावली की कशालाही येते. काशाच्या वाटीचं तर फारच. उन्हाळ्यात आमच्याकडे तळपायांची आग होते, मग रात्री तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे घासतात. खरं कासं असेल तर टिचकी मारल्यावर आवाज लांबत जातो, आपण दुसरं काही बोलायला लागलो तरी मागे चालूच असतो. भेसळ असेल तर तिथंच बसतो. काका गिऱ्हाइकाच्या कानाशी वाटी धरून वाजवायचे आणि आवाज विरेपर्यंत दोघं तसेच उभे राहायचे. त्या वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आपण काहीतरी मौल्यवान घेतो आहोत असं त्याला वाटायला लागायचं.

पण त्यासाठी ऐकू तर यायला पाहिजे ना.

'आधी उतरा' याच्या मागे एक गोष्ट आहे. ती त्यांनी मला कधी सांगितली नाही, काकूंनी सांगितली. अकोटचे एक गृहस्थ मुलीच्या आंदणाची भांडी घ्यायला आले होते. लगीनसराई, गल्ली गाड्यांनी गच्च. आंदणात पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, लागतोच. काकांनी गुंडावर टिचकी मारली, त्याच वेळी मागून कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून दिला तो काढेचना. काकांना काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मारायची, तर गृहस्थ गाडीवरूनच "द्या हो काका, चांगलाच असंल" म्हणाले, आणि काकांनी दिला.

गुंडाला बारीक चीर होती. लग्न झालं, मुलगी अकोटातच सासरी गेली, आणि तिथं पहिल्याच दिवशी पाणी भरून ठेवलेला गुंड चारचौघांत पाझरला. सासरच्यांनी मुलीच्या बापाला नको नको ते ऐकवलं.

गृहस्थ भांडायला आले नाहीत. दुसऱ्या कुणाकडून तरी काकांच्या कानावर आलं. काका त्याच दिवशी नवा गुंड घेऊन अकोटच्या एसटीत बसले. गुंड मांडीवर. मुलीच्या सासरी जाऊन म्हणाले, "चूक बापाची नाई, माही हाय. म्या न आयकता देल्ला." घरातल्या सगळ्यांसमोर नवा गुंड वाजवून दाखवला, जुना उचलला आणि परत आले. तो जुना गुंड शेवटपर्यंत त्यांच्या दुकानात वरच्या फळीवर होता. कुणी मागितला की म्हणायचे, "तो इकाचा नाई."

त्यानंतर त्यांनी गाडीवरच्या माणसाला भांडं विकलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपलं गिऱ्हाईक उतरून काय उपयोग? दुसऱ्याचं गिऱ्हाईक हॉर्न वाजवतंच आहे. म्हणून त्यांनी ठरवलं की गल्लीत गाडीच नको. एकही नको.

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. पायी फिरायचे बाजार पर्यटकांच्या गावांत असतात, अकोल्यात कोण चालणार? मे महिन्यात इथं सावली शोधत कुत्रीसुद्धा फिरत नाहीत, पडून राहतात.

काकांनी हसू दिलं. महानगरपालिकेत जायला लागले. पिशवीत काशाची वाटी. तिथल्या साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून वाटी वाजवायची आणि म्हणायचं, "आयकू आली? तुमच्या खोलीत आयकू येते. आमच्या गल्लीत नाई येत. या पाहाले." शिपाई त्यांना बघून दार लावून घ्यायला लागले. शेवटी एक साहेब खरोखर आले. संध्याकाळी, भर गर्दीत. काका दुकानाच्या पायरीवर वाटी घेऊन उभे. साहेबांना हातभर अंतरावर उभं केलं. वाजवली. साहेब म्हणाले, "हं, वाजवा." काका म्हणाले, "वाजवली ना."  मग साहेब उन्हाळाभर प्रयोग करून बघू, व्यापाऱ्यांची ना नसेल तर, असं सांगून गेले.

व्यापाऱ्यांची ना होतीच. बैठक बसली ती अध्यक्षांच्या कापडदुकानाच्या गादीवर. अध्यक्ष म्हणजे आमच्या व्यापारी मंडळाचे, गल्लीतलं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं, आणि काकांच्या कोपऱ्यावरच्या जागेवर त्यांचा बऱ्याच दिवसांपासून डोळा.

"काका, गिऱ्हाईक गाडीवर येते. गाडी नाई तर गिऱ्हाईक नाई. आमाले काय देशोधडीले लावता काय?"

"गाडी सौदा करते का माणूस करते?" काका म्हणाले.

"अन् आग लागली तर? कोनाले अटॅक आला तर?"

"साखळी लावू. कुलूप राहीन. चाबी तुमच्याचजवळ ठेवा. अशा गाडीले कोन अडवते?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अन् मयत झाली तर वैकुंठरथ कोठून येईन?"

सगळे हसले. काकाही हसले. म्हणाले, "मयताले कायची घाई हाय बाप्पा? त्यानं तर पायीच जावं. म्हणजे, लोकायच्या पायानं."

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, धंदा बसला तर जबाबदार कोण?  काकांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि समोर ठेवली.

"उन्हाळा सरेपर्यंत पाहा. तुमचा धंदा बसला, तर साखळी म्या माह्या हातानं काढीन अन् दुकानाची चाबी तुमच्या हातात देईन. पोरीकडं अमरावतीले जाऊन राहीन. मंग तर झालं?"

मी काकूंकडे बघितलं नाही. त्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, हे मला न बघताच कळलं.

चैत्र संपता संपता गल्लीच्या दोन्ही टोकांना खांब आणि साखळ्या आल्या. गाड्या लावायला मागच्या बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीचं मैदान मिळालं. आणि मग पहिले काही दिवस गल्लीत जे ऊन पडलं! पूर्वी गाड्यांच्या गर्दीत रस्ता दिसायचाच नाही, आता तो दिसायला लागला आणि नुसता दिसतच राहिला. गिऱ्हाईक साखळीपर्यंत यायचं, आत डोकावायचं, तापलेला रस्ता बघायचं आणि परत फिरायचं. अध्यक्ष दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभे राहायला लागले. काकांकडे बघायचे आणि मग त्यांच्या दुकानाच्या पाटीकडे बघायचे. मला त्या बघण्याचा राग यायचा.

काका एके सकाळी मोर्शीच्या एसटीत बसून गेले. तिकडे त्यांच्या बहिणीकडे संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. संध्याकाळी टेम्पो आला तो हिरव्या जाळीचे गठ्ठे घेऊन. रोपांवर सावलीसाठी बांधतात ती जाळी. टेम्पो साखळीबाहेरच थांबला, हे सांगायला नको. गठ्ठे काकांनी आणि आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बांगड्यांचं दुकान असलेल्या चाचांनी खांद्यावरून आत आणले. या छपरावरून त्या छपरावर दोऱ्या ताणल्या आणि अख्ख्या गल्लीवर हिरवं आभाळ आलं.

काय सांगू तुम्हाला. लोक आले. आधी सावली बघायला आले, मग बसायला आले, मग खरेदी करायला लागले. लेकुरवाळ्या बाया पोरांचा हात सोडून दुकानं बघत चालायला लागल्या. मी या गल्लीत नांदायला आले तेव्हापासून लेकराचा हात सोडलेली बाई इथं पहिल्यांदाच बघितली. म्हाताऱ्या माणसांनी चाचांच्या ओट्यावर बैठक मांडली. चाचा म्हणायचे, "सूनबाई, माह्या बांगड्यायचा आवाज मलेच आता आयकू येऊन राहिला. कसम से."

आणि रोज दुकान उघडताना काका पायरीवर उभे राहून काशाची वाटी वाजवायचे. गल्लीच्या त्या टोकाला चाचा कान देऊन उभे असायचे. ऐकू आली की हात वर करायचे. मग दोघंही कामाला लागायचे. एवढी मोठी माणसं आणि रोज हा पोरखेळ, असं मी म्हणायचे. पण वाटी वाजेपर्यंत मीही शटर वर करत नसे, उगाच खडखडाट नको म्हणून.

मग माझ्यावर संकट आलं.

ऐन लगीनसराई. माझ्याकडे श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि एका दुपारी पाच-सहा बाया तणतणत आत शिरल्या आणि काउंटरवर ब्लाउजपीस आपटले. "हे काय देल्लं तुमी? हा तर भलताच रंग हाय!" मी बघितलं. राणी रंगाच्या साडीवर काळपट जांभळं कापड. दुसरीच्या अबोलीला मातकट. मी जन्मभर रंग जुळवत आले, माझ्या हातून असं जाणं शक्यच नव्हतं. मी पीस घेऊन बाहेर आले, उन्हात बघावं म्हणून, आणि वर बघितलं. ऊन होतंच कुठं? हिरवा उजेड होता.

मॅचिंगचा धंदा सगळा उन्हावर चालतो हो. ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो, म्हणून प्रत्येक बाई साडी आणि पीस घेऊन पायरीखाली उतरते, उन्हात दोन्ही एकमेकांवर धरते आणि मगच होय म्हणते. पूर्वी गाड्यांमध्ये जीव मुठीत धरून उतरायच्या, पण उतरायच्या. आता कित्येक दिवस माझ्या गिऱ्हाइकांनी हिरव्या उजेडात रंग पसंत केले होते, मीही केले होते, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. जन्मभर रंगाची पारखी म्हणवणारी मी!

मी तशीच रस्ता ओलांडून काकांच्या दुकानात गेले. चिडले की मला कुणी वडीलधारं दिसत नाही. "काका, तुमची वाटी वाजली, पण माझं दुकान वाजवलंत की हो तुम्ही!" अध्यक्ष ऐकतच होते. लगेच पुढे आले. "मी तं पयलेच म्हनलो होतो. जाळी काढा. अन् जाळी निघाली की साखळी ठेवून काय फायदा?"

 काकांनी राणी रंगाची साडी आणि तो पीस हातात घेतला. माझ्या दुकानात गेले, ट्यूबखाली बघितलं. जाळीखाली बघितलं. मग दोन्ही घेऊन साखळीच्या पलीकडे, उघड्या उन्हात गेले आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे, सूनबाई," ते म्हणाले, "तुमाले बी वाजवूनच पाहा लागते."

मी म्हटलं, "हो. तुम्ही कानानं, मी उन्हानं."

"म्या माह्याच कानाचा इचार केला."

त्यांनी शिडी मागवली, स्वतः चढले. काकू खालून ओरडत होत्या, उतरा म्हणून. गल्लीभर हशा पिकला, कारण काकांना 'उतरा' म्हणणारं माणूस आम्ही प्रथमच बघत होतो. काका उतरले नाहीत. त्यांनी माझ्या दुकानासमोरची जाळी सरळ चौकोनात कापून काढली. माझ्या पायरीपासून त्यांच्या पायरीपर्यंत ऊन धपकन खाली पडलं.

माझ्या पायरीपासून त्यांच्या पायरीपर्यंत. हे मला तेव्हा कळलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. अख्ख्या गल्लीत सावली, आणि उन्हाचा एकच चौकोन, त्याची एक कड काकांच्या दुकानावर. दुपारभर त्यांची सगळी स्टीलची भांडी पेटायची. हात लावायची सोय नाही. ओलं पोतं टाकायचे, दुपट्टा पुन्हा पुन्हा भिजवायचे, गिऱ्हाइकाला गंज, म्हणजे पातेलं, फडक्यात धरून दाखवायचे. मी म्हटलं, अर्धाच कापा, माझ्या बाजूचा. म्हणाले, "अर्ध्या उनात अर्धाच रंग दिसन." त्यानंतर मी त्यांना रोज दुपारी मठ्ठा पाठवायला लागले. पेला वाजवल्याशिवाय प्यायले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

बाया त्या चौकोनात येऊन उभ्या राहायच्या. साडी पसरायच्या, पीस लावायच्या, मान तिरकी करून बघायच्या. कुणाला मागून धक्का नाही, हॉर्न नाही. चांगला रंग जुळला की एकमेकींना बोलावून दाखवायच्या. माझा धंदा असा कधी झाला नव्हता, आणि माझ्याकडची गर्दी पुढे कापडवाल्यांकडे, बांगड्यांकडे, भांड्यांकडे सरकत जायची. चालणारं माणूस घरी जायच्या आधी आणखी एका दुकानात डोकावतंच, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

मृगाच्या तोंडावर महानगरपालिकेची माणसं साखळ्या काढायला आली. प्रयोगाची मुदत सरली होती. काका पायरीवर किल्ली हातात घेऊन बसले होते. शब्द म्हणजे शब्द, आणि धंदा बसला की नाही हे सांगायचं अध्यक्षांनी. काकूंनी खरोखर दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. अध्यक्ष आपल्या दुकानातून निघाले, साखळीपाशी गेले आणि त्या माणसांना म्हणाले, "राहू द्या. काई काढू नका. लागलं तर आमी अर्ज करतो." मग काकांकडे न बघता परत आपल्या गादीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्वतःची मोठी गाडीही जिनिंगच्या मैदानात उभी राहायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात हिरव्या जाळीच्या जागी अकोटहून आणलेलं पांढरं मांजरपाट कापड बांधलं. पांढऱ्याखाली रंग तेवढा बिघडत नाही. मी म्हटलं, आता चौकोनाची गरज नाही, बंद करा. काका म्हणाले, "राहू द्या. तेवढं आभाळ तुमचं."

ते गेले यंदाच्या चैत्रात. पहाटे, झोपेतच. कापड बांधण्याचं काम नुकतंच झालं होतं. गल्लीनं दुकानं उघडली नाहीत. सकाळी वैकुंठरथ येऊन साखळीपाशी थांबला, आणि अध्यक्ष किल्ली घेऊन धावत आले. ते रडत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. 

काकू दुकानाच्या पायरीवरून म्हणाल्या, "भाऊ, साखळी नका काढू."

"वहिनी, काकांसाठी नाई काढाची तं कोनासाठी?"

"त्यायनं गादीवर सांगतलं होतं ना, पायी जाईन म्हून. जाऊ द्या."

मग खांदे लागले. एका बाजूला अध्यक्ष, एका बाजूला चाचा. वाटेत विसावा द्यायचा असतो, तिरडी क्षणभर खाली टेकवून खांदे बदलायचे असतात. कुठं टेकवायची हे कुणीही कुणाला विचारलं नाही. गल्लीच्या आतल्या बाजूला त्यांचं घर, तिथून पांढऱ्या कापडाखालून निघाले आणि माझ्या दुकानासमोर, त्या उन्हाच्या चौकोनात, काकांना खाली ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. गल्ली माणसांनी भरली होती आणि इतकी शांत होती की कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या ऐकू आल्या. मला रडू आलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. आमच्या गल्लीनं एवढ्या गर्दीतही माणसाला नीट चालत पोचवलं. मग खांदे बदलले आणि ते साखळीच्या कडेनं, पायी जाणाऱ्या माणसांसाठी ठेवलेल्या फटीतून, बाहेर पडले.

तेरवी झाल्यावर काकूंनी दुकान उघडलं. आम्ही सगळे आपापल्या दारात, शटरला हात लावून, उगाच थांबलो होतो. काकू आत गेल्या, फळीवरची काशाची वाटी काढली, पदराला पुसली आणि पायरीवर येऊन एक टिचकी मारली. त्यांना सवय नव्हती, जरा हळूच लागली. आवाज निघाला आणि लांबत गेला.

मी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. चाचांनी हात वर केला होता. मग त्यांच्या शेजारच्यानं केला. मग अध्यक्षांनी. माझा तर कधीच वर गेला होता.

"आली का आयकू?" काकूंनी विचारलं.

"आली, काकू," मी म्हटलं, आणि शटर वर केलं.